मॉडेल जुळले म्हणजे कारण सापडले असे नाही

सामुदायिक वैद्यकशास्त्रात एमडी किंवा एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातील पदव्युत्तर पदवी) करणाऱ्यांना लॉजिस्टिक रिग्रेशन (आजार होण्या-न होण्याचा अनेक घटकांशी संबंध मोजणारे संख्याशास्त्रीय मॉडेल) चालवता येते आणि कन्फाउंडिंगची, म्हणजे कारण व आजार या दोन्हींशी जोडलेल्या तिसऱ्या घटकामुळे होणाऱ्या गफलतीची, व्याख्या तोंडपाठ असते, हे गृहीत धरून लिहीत आहे. माझी अडचण त्याच्या पुढची होती, आणि ती पूर्णपणे सुटली आहे असे आजही म्हणवत नाही. कोणता घटक समायोजित करायचा, म्हणजे मॉडेलमध्ये घालून त्याचा प्रभाव वजा करायचा, आणि कोणता मुद्दाम बाहेर ठेवायचा, हे कोणतेही सॉफ्टवेअर सांगत नाही.

यावरचा रूढ तोडगा तुम्हाला लवकरच सांगितला जाईल. प्रत्येक घटक सुटा तपासायचा, ज्यांचे पी-मूल्य (प्रत्यक्षात संबंध नसताना तो योगायोगाने दिसण्याची शक्यता) ०.२ पेक्षा कमी येईल ते सगळे एकत्र मॉडेलमध्ये घालायचे, आणि जे टिकतील त्यांना ‘स्वतंत्र जोखीम घटक’ म्हणायचे. वरिष्ठ हे सांगतात, कारण त्यांच्या वरिष्ठांनी त्यांना तेच सांगितलेले असते. ‘हा घटक मॉडेलमध्ये का?’ असे ज्या मार्गदर्शकाने एकदाही विचारले नाही, त्याच्या सहीने प्रबंध मंजूर होईल. आजाराच्या कारणाबद्दल मात्र त्यातून काही हाती लागेल याची खात्री नाही.

मी अडकले ती जन्मवजनापाशी, म्हणून तिथे जरा रेंगाळते. गरोदरपणी धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांची बाळे सरासरीने कमी वजनाची असतात आणि त्यांच्यातले मृत्यूही जास्त असतात. मात्र केवळ २,५०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाची बाळे घेतली, तर धूम्रपान करणाऱ्या मातांच्या बाळांतला मृत्युदर इतरांपेक्षा कमी दिसतो. संख्याशास्त्रज्ञ जेकब येरुशाल्मी यांनी कॅलिफोर्नियातील नोंदींवरून १९७१ मध्ये हे मांडले, आणि धूम्रपान बाळाला खरोखर घातक असते का, अशी शंका त्यावरून घेतली गेली.

आकडेमोड चुकलेली नव्हती. बाळाचे वजन कमी भरण्याची कारणे अनेक असतात आणि जन्मजात व्यंगासारखी काही धूम्रपानापेक्षा कितीतरी जीवघेणी असतात. धूम्रपान न करणाऱ्या आईचे बाळ कमी वजनाचे निघाले, तर त्यामागे असे गंभीर कारण असण्याची शक्यता आपोआप वाढते. म्हणजे वजनानुसार गट पाडताक्षणी, किंवा वजन मॉडेलमध्ये घालताक्षणी, आपण धूम्रपानाची तुलना न मोजलेल्या व्यंगाशी करू लागतो. शिवाय धूम्रपानाचा जो परिणाम वजनाच्या वाटेने पुढे जात असेल, तोही पुसला जातो. वजन हे कन्फाउंडर आहे, मधली पायरी आहे, की दोन कारणांचा समाईक परिणाम म्हणजे कोलायडर आहे, हे आकड्यांत लिहिलेले नसते. पुन्हा सांगते, कारण मला हे पटायला फार वेळ लागला: तिन्ही शक्यतांत सहसंबंध सारखेच दिसू शकतात आणि तिन्हींत वजन घातल्यावर मॉडेलची जुळणी सुधारू शकते, त्यामुळे एआयसी (मॉडेलच्या जुळणीचा निर्देशांक) पाहून हा निवाडा होत नाही. तो बालरोगतज्ज्ञाशी बोलून, आजार कसा घडतो ते समजून घेऊनच करावा लागतो.

जुळणीवर विसंबण्याची खोड जुनी आहे. लंडनमधील १८४८-४९ च्या कॉलऱ्याचे मृत्यू संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांनी अभ्यासले, तेव्हा वस्ती थेम्सच्या पातळीपासून जितकी उंच तितके मृत्यू कमी, असे सूत्र त्यांना मिळाले, आणि ते प्रत्यक्ष आकड्यांशी सुरेख जुळत होते. सखल भागातली दूषित हवा हेच कारण, या त्यांच्या समजाला त्यामुळे बळ मिळाले. डॉक्टर जॉन स्नो यांनी १८५४ मध्ये गुंतागुंतीचे सूत्र वापरले नाही. एकाच वस्तीत दोन कंपन्यांचे नळ शेजारीशेजारी असलेली घरे त्यांनी शोधली. साउथवर्क अँड वॉक्सहॉल कंपनीच्या दर १०,००० घरांमागे ३१५ मृत्यू निघाले, तर नदीच्या वरच्या अंगाला पाणी उचलणाऱ्या लॅम्बेथ कंपनीच्या घरांत ३७; बोट हवेकडे नव्हे, पाण्याकडे जात होते. पुढे १८६६ च्या साथीत पाण्याचा माग काढणाऱ्यांत स्वतः फार होते, हेही त्यांच्या श्रेयाचे आहे.

एवढे वाचून निरीक्षणात्मक अभ्यास निरुपयोगी ठरवू नका. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध माणसांवर चिठ्ठ्या टाकून केलेल्या प्रयोगाविना सिद्ध झाला. जेरोम कॉर्नफिल्ड आणि सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये दाखवले, की धूम्रपान करणाऱ्यांतली नऊपट जोखीम एखाद्या दडलेल्या घटकामुळे असेल, तर तो घटक त्यांच्यात निदान नऊपट अधिक आढळायला हवा. तसा घटक कोणालाही दाखवता आला नाही. तुमच्या प्रबंधातला १.४ चा ऑड्स रेशो (दोन गटांतल्या जोखमीच्या तुलनेचे माप) मात्र किरकोळ दडलेल्या घटकानेही कोसळू शकतो, हे आधीच मान्य करून ठेवा.

विदा उघडण्यापूर्वी कारणांचे बाण कागदावर काढा आणि एकाच संपर्काचा (उदाहरणार्थ धूम्रपानाचा) परिणाम विचारा. त्या प्रश्नासाठी निवडलेल्या मॉडेलमधल्या इतर ओळींचे गुणांक कारण म्हणून वाचू नका, कारण त्यांचे कन्फाउंडर तुम्ही वेगळे तपासलेले नसतात. व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, ‘जन्मवजन का समायोजित केले नाही?’ असा प्रश्न येईलच. तेव्हा तो कागद परीक्षकांसमोर ठेवा आणि कोणता बाण चुकला आहे ते त्यांनाच विचारा.