सेलू म्हणजे कुठलं सेलू? मॅपवर सारख्या नावांच्या गावांचा घोळ कसा सोडवायचा

समजा नागपूरला गांधीबागेतल्या एखाद्या होलसेल कापड दुकानाचा सेल, म्हणजे विक्रीचे आकडे, मॅपवर टाकून राहिलात. गिऱ्हाईक विदर्भभर आहेत, छत्तीसगड-मध्यप्रदेशातले आहेत, एखाद-दुसरं हिमाचलचंही आहे आणि शहराच्या कॉलममध्ये नुसतं ‘बिलासपूर’ लिहिलंय. आता छत्तीसगडातही बिलासपूर आहे अन् हिमाचलातही, सॉफ्टवेअरनं समजायचं तरी काय?

टॅब्लोमध्ये (डेटाचे चार्ट अन् मॅप बनवायचं सॉफ्टवेअर) असं झालं की मॅपच्या खाली उजव्या कोपऱ्यात ‘अननोन’चा आकडा दिसतो. त्यावर क्लिक करा नाहीतर वर मॅप मेनूतून एडिट लोकेशन्स उघडा. डावीकडे तुमचं नाव, उजवीकडे त्याला काय सापडलं ते. तिथे अँबिग्युअस लिहिलं असेल तर त्याला एकाहून जास्त गावं सापडलीत, अनरेकग्नाइज्ड असेल तर एकही नाही. दोघांचा इलाज वेगळा आहे, एकाच फटक्यात निपटवायला जाऊ नका.

आधी त्याच खिडकीत कंट्री बघा. सेटिंग अमेरिकेचं राहिलं असेल तर तामिळनाडूचं सेलम अमेरिकेतल्या ऑरेगनात जाऊन बसू शकतं, तिथे सेलम राजधानीच आहे. कंट्री इंडिया करा. मग स्टेटच्या ठिकाणी, सगळा डेटा महाराष्ट्राचाच असेल तर फिक्स्ड ठेवून महाराष्ट्र निवडा, नाहीतर आपल्या डेटातला राज्याचा कॉलम द्या. आणि तो राज्याचा कॉलम मार्क्सच्या चौकटीतल्या ‘डिटेल’वर पण टाका, हे बरेच जण विसरतात, कारण तो नसला की दोन्ही बिलासपूरचा सेल एकात मिसळून एकच ठिपका येतो अन् बघणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

राज्याचा कॉलमच नसेल तर? बिलावर जीएसटी नंबर असतो ना, त्याचे पहिले दोन आकडे राज्याचा कोड असतात. महाराष्ट्र 27, छत्तीसगड 22, मध्यप्रदेश 23, हिमाचल 02, बिहार 10. एक्सेलमध्ये लेफ्टचा फॉर्म्युला लावून ते दोन आकडे काढा, शेजारच्या कॉलममध्ये राज्याचं नाव आणा, अर्धं काम तिथेच झालं. ज्या गिऱ्हाइकाकडे जीएसटी नंबर नाही त्याचा पिनकोड बघा.

पण खरा त्रास आपल्याच राज्यात आहे बाप्पा! सेलू वर्ध्यालाही आहे अन् परभणीलाही. आष्टी वर्ध्यात आहे, बीडमध्ये आहे. कळंब यवतमाळचं की धाराशिवचं, मालेगाव नाशिकचं की वाशिमचं, कारंजा लाड की कारंजा घाडगे? इथे राज्य देऊन काहीच उपयोग नाही, जिल्हाच पाहिजे. पिनकोड इथेही कामी येतो, वर्ध्याकडचे 442 नं सुरू होतात, परभणीकडचे 431 नं. आणि माझं स्पष्ट मत आहे की तालुक्याच्या गावांसाठी सॉफ्टवेअरच्या नकाशावर विसंबूच नये, लहान गावं त्याच्या यादीत नसतातच पुष्कळदा.

म्हणून एक मास्टर शीट बनवा. गाव, तालुका, जिल्हा, राज्य, पिनकोड, अक्षांश, रेखांश, आणि एक की, म्हणजे ‘सेलू|वर्धा|महाराष्ट्र’ असं जोडलेलं नाव. तीच की सेलच्या डेटात पण बनवा आणि त्यावरच जोडा, नुसत्या गावाच्या नावावर कधीच जोडू नका. जोडायच्या आधी ट्रिम (जादा स्पेस काढणारा फॉर्म्युला) लावा, बुलडाणा-बुलढाणा असे एकाच गावाचे वेगवेगळे स्पेलिंग एक करून घ्या. अक्षांश-रेखांश मॅपवर टाकताना बेरीज नाही, अॅव्हरेज ठेवा, नाहीतर दहा बिलं असली की नागपूरचे 21 होतात 210 आणि ठिपका नकाशाबाहेर. महाराष्ट्रात अक्षांश साधारण 15 ते 23 आणि रेखांश 72 ते 81 मध्येच येतात, या बाहेरचं काही दिसलं तर दोन कॉलम उलटे झालेत का बघा.

पॉवर बीआयमध्ये (मायक्रोसॉफ्टचं टॅब्लोसारखंच सॉफ्टवेअर) जास्त सांभाळा, कारण तिथे कुठलीही तक्रार न करता तो एखादं गाव स्वतःच निवडून टाकू शकतो. अमरावतीचा सेल आंध्रच्या अमरावतीवर दिसला तर तेच झालंय. ‘अमरावती, महाराष्ट्र, इंडिया’ असा एक जोडलेला कॉलम बनवा, डेटा कॅटेगरी प्लेस ठेवा. अक्षांश-रेखांश असतील तर तेच द्या, अजून उत्तम.

बदललेल्या नावांचं एक राहिलं. 2023 मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव, 2024 मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर. जुन्या बिलांवर जुनी नावं, नव्यांवर नवी, म्हणून लोक सरळ फाइंड-रिप्लेस ऑल मारतात. औरंगाबादला ते अजिबात करू नका, बिहारमध्ये औरंगाबाद जिल्हा आहे, तिथला व्यापारी एका क्लिकमध्ये मराठवाड्यात येऊन पडेल. राज्याचा कोड 27 आहे का ते बघून मगच बदला. आणि मास्टरमध्ये जुनं नाव वेगळ्या कॉलममध्ये ठेवाच, सॉफ्टवेअरला नवं नाव कळलं नाही तर मॅपपुरतं जुनं देता येतं, रिपोर्टवर मात्र नवंच दाखवा.

सगळं झाल्यावर मॅपवरच्या सेलची बेरीज मूळ शीटच्या बेरजेशी जुळवा. कमी येत असेल तर एखादं गाव मास्टरमध्ये नाही, जास्त येत असेल तर एकच की मास्टरमध्ये दोनदा आहे.