सम की व्यस्त? आधी पाहा, कायम काय राहतं

सातवी-आठवीत सम आणि व्यस्त प्रमाण शिकवताना फळ्यावर बहुतेक वेळा हेच येतं: एक वाढलं की दुसरं वाढतं ते सम, एक वाढलं की दुसरं घटतं ते व्यस्त. ही व्याख्या अर्धीच आहे. आकडेमोड बरोबर असूनही उत्तर चुकतं, ते बहुतेक वेळा या अर्धवटपणामुळेच.

आकडे मांडायच्या आधी पोराला एकच विचारा: यात कायम काय राहतं? दोन राशींचा भागाकार कायम राहिला तर सम, गुणाकार कायम राहिला तर व्यस्त. दोन्ही राहत नसतील तर तिथे प्रमाण मांडायचंच नाही.

सम प्रमाणासाठी फवारणीचा पंप घ्या. औषधाचं माप १० लिटर पाण्याला ४ मिली असेल, तर १५ लिटरच्या पंपात किती टाकायचं? आधी एका लिटरचं काढा: ४ ÷ १० = ०.४ मिली. मग ०.४ × १५ = ६ मिली. इथे काही पोरं हमखास ९ लिहितात. पाणी ५ ने वाढलं, म्हणून औषधही ५ ने वाढवलं! बेरजेची ही सवय रागावून जात नाही. त्याला २० लिटरचं विचारा. दुप्पट पाण्याला दुप्पट औषध, ८ मिली, हे तो पटकन सांगतो. मग २० लिटरला ८ आणि १५ लिटरला ९ कसं, हे त्याचं त्यालाच खटकतं.

व्यस्त प्रमाणाला निंदणाइतकं चांगलं उदाहरण नाही. १२ बाया एक वावर ५ दिवसांत निंदतात, तर १५ बायांना किती दिवस लागतील? वाढ-घटीचे बाण काढू नका, ‘रोज’ मोजा; एका बाईचं एका दिवसाचं काम म्हणजे एक रोज. १२ × ५ = ६० रोज. बाया कमी असोत की जास्त, त्या वावराला ६० रोजच लागणार. ६० ÷ १५ = ४ दिवस. पुस्तकात ज्याला स्थिरांक म्हणतात तो हाच. घरी मजुरीचा हिशोब रोजावरच होत असल्याने पोरांना तो वेगळा समजवावा लागत नाही. सगळ्या बायांचा हात सारखाच चालतो, हे मात्र गणिताने गृहीत धरलेलं असतं.

आता जरा वळसा द्या: १२ बायांनी २ दिवस काम केलं, मग ४ बाया दुसऱ्याच्या वावरात गेल्या. पोरं ६० ÷ ८ करून साडेसात दिवस सांगतात, म्हणजे झालेलं काम विसरतात. झालेले रोज १२ × २ = २४, उरलेले ३६. ३६ ÷ ८ = साडेचार दिवस. आधीचे दोन धरून एकूण साडेसहा.

खरी फसगत कुटारात, म्हणजे ढोरांच्या सुक्या चाऱ्यात आहे. १२० टोपली कुटार आहे, ६ ढोरं, प्रत्येकाला दिवसाला एक टोपलं. ते २० दिवस पुरेल. ८ ढोरं असती तर १५ दिवस. ६ × २० आणि ८ × १५, दोन्ही १२०. हे व्यस्त प्रमाण. पण ढोरं ६ च ठेवून गेलेले दिवस आणि उरलेलं कुटार पाहा. ५ दिवसांनी ९० टोपली, १० दिवसांनी ६०, १५ दिवसांनी ३०. दिवस वाढतात, कुटार घटतं. अर्ध्या व्याख्येप्रमाणे हेही व्यस्तच. गुणाकार करा: ५ × ९० = ४५०, १० × ६० = ६००, १५ × ३० = ४५०. मधल्या जोडीने पितळ उघडं पाडलं. पहिली आणि तिसरी, या दोनच जोड्या तपासल्या असत्या तर चूक सापडलीच नसती. म्हणून किमान तीन जोड्या तपासायच्या.

कपाशीच्या लागवडीत दुसरा सापळा आहे. एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. ३ × १ फुटावर १४,५२० झाडं बसतात, ४ × १ फुटावर १०,८९०. झाडातलं अंतर एक फूटच ठेवलं तर ओळीतलं अंतर आणि झाडांची संख्या व्यस्त प्रमाणात: ३ × १४,५२० = ४ × १०,८९०. पण दोन्ही अंतरं दुप्पट केली तर झाडं निम्मी होत नाहीत, चौथाई होतात. दोन गोष्टी एकदम बदलल्या की एक पायरी पुरत नाही.

वेग आणि वेळ व्यस्त, हे पोरांना जमतं. अडतं ते दशांशात. १५० किलोमीटर अंतर ताशी ६० ने कापलं तर २.५ तास. त्याचे २ तास ५० मिनिटं करू नका, ०.५ × ६० म्हणजे ३० मिनिटं.

शेवटी आलेख. सम प्रमाणात रेघ सरळ असते आणि शून्यातून निघते. दुसरी अट हमखास विसरली जाते. समजा कापूस मार्केटला न्यायला गाडीभाडं ८०० रुपये आणि हमाली क्विंटलला २० रुपये. १० क्विंटलला १,००० रुपये, २० क्विंटलला १,२००. रेघ सरळच येते, पण ती उभ्या अक्षावर ८०० पासून निघते, म्हणून हे सम प्रमाण नाही. दोन्हीतून ८०० वजा करा: २०० आणि ४००. हमाली तेवढी क्विंटलच्या सम प्रमाणात आहे.