व्हॉल्व्ह प्रीअँपची खरखर: नवे व्हॉल्व्ह मागवण्याआधी

पावसाळाभर बंद असलेला व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांवर चालणारा) प्रीअँप, म्हणजे अँप्लिफायरच्या आधी बारीक सिग्नल वाढवणारे मशीन, चवथीला आरत्या लावायला काढला, की गोव्यात बहुधा खरखर ऐकू येते. लगेच नवे व्हॉल्व्ह मागवू नका. आपली हवा दमट आणि खारी. पिनांवर काळपट थर धरतो. मशीन बंद करून प्लग काढा, व्हॉल्व्ह गार होऊ द्या. मग तो सरळ वर ओढा आणि दोन-तीनदा आत-बाहेर करा. कापडावर कॉन्टॅक्ट क्लीनर घेऊन पिना पुसल्या की माझ्याकडे तरी बऱ्याचदा आवाज तिथेच थांबतो.

तरीही खरखर राहिलीच, तर डाव्या-उजव्या चॅनेलचे १२एएक्स७ (प्रीअँपमधले नेहमीचे व्हॉल्व्ह) एकमेकांच्या जागी लावा. आवाज दुसऱ्या स्पीकरात गेला, तर दोष व्हॉल्व्हचा. तिथेच राहिला, तर सॉकेट किंवा पुढचे सर्किट तपासायचे. व्हॉल्यूम कमी ठेवून पेन्सिलच्या रबराने काचेवर हलकी टिचकी मारा. स्पीकरातून घंटेसारखा नाद आला, तर तो व्हॉल्व्ह मायक्रोफोनिक झाला आहे, म्हणजे हलक्या धक्क्याचाही आवाज पकडतो.

गुंजन वेगळे. ५० हर्ट्झची खोल घुमघुम असेल, तर हीटरची (व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारेची) वायरिंग किंवा अर्थचा लूप (अर्थ दोन वाटांनी जोडल्याने होणारे वेटोळे) बघा. १०० हर्ट्झची, जरा चढी असेल, तर पॉवर सप्लायचे फिल्टर कपॅसिटर, म्हणजे डीसी सपाट करणारे भाग, बघा. लूप तोडायला अर्थची पिन मात्र कधीही काढू नका.

आणि कव्हर उघडायची वेळ आलीच, तर जपा: आत २५०-३०० व्होल्ट डीसी असतात, आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो. तिथून पुढे जाणत्या मेकॅनिककडेच द्या.