दहावीची मुलं गेली तरी चालेल असा शाळेचा नाट्यगट कसा उभारावा

शाळेत नाटक दरवर्षीच होतं. स्नेहसंमेलन जवळ आलं की एखादे सर किंवा मॅडम दहा-बारा मुलं वर्गातून उचलतात, घाईघाईत तालमी घेतात, प्रयोग होतो आणि सगळे पांगतात. यात वाईट काही नाही, पण याला गट म्हणत नाहीत. गटात नाटक कोणतं करायचं, बसवणार कोण, तालमीला उशिरा येणाऱ्याचं काय करायचं, हे सगळं मुलंच ठरवतात. नागपुरातल्या कुठल्याही हायस्कुलात असा गट उभा राहू शकतो. अडचण नटांची कधीच नसते. अडचण अशी, की मुलं नेमकी तयार झाली की दहावीत जातात आणि घरचे म्हणतात, आता नाटकबिटक बंद. म्हणजे दर जूनमध्ये गट पुन्हा नव्याने उभा करायचा. हे ध्यानात ठेवूनच पुढचं वाचा.

कॅलेंडर उलटं मोजा

उन्हामुळे विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात आणि संमेलन डिसेंबर-जानेवारीत असतं. सहा महिने हातात आहेत असं वाटतं. त्यातून चाचणी, पोळा, मारबत, गणपती, नवरात्र, सहामाही आणि दिवाळी वजा करा, म्हणजे खरा हिशोब कळेल. जुलैत माणसं जमवा, ऑगस्टमध्ये संहिता पक्की करा, सप्टेंबरात वाचन आणि पाठांतर उरका. दिवाळीनंतर थेट उभं राहून तालीम. दिवाळीनंतर संहिता शोधायला बसणारा गट संमेलनात नाच करतो.

एक शिक्षक गाठा, पण दिग्दर्शक म्हणून नाही

शिक्षकांकडे तीन गोष्टी असतात आणि त्या तुमच्याकडे नसतात: खोलीची किल्ली, मुख्याध्यापकांची सही आणि पैसे ठेवायचा अधिकार. अर्ज एका पानाचा करा. कोणते दिवस, किती ते किती, कोणती खोली, कोण जबाबदार, एवढंच लिहा. सरांना स्पष्ट पण आदबीने सांगा, ‘सर, बसवतो आम्हीच. तुम्ही महिन्यातून एकदा बघून जा.’ बहुतेक सरांना हे ऐकून हायसंच वाटतं. वर्गणी सरांकडेच जमा करा आणि प्रत्येक खर्चाची पावती ठेवा. मुलांमधली भांडणं पैशावरून जितकी होतात तितकी भूमिकांवरूनही होत नाहीत.

आधी वहीवाला निवडा, मग नट

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. गटाला दिग्दर्शक लागतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण गट टिकतो तो रंगमंच व्यवस्था सांभाळणाऱ्या मुलामुळे किंवा मुलीमुळे. ही व्यक्ती दिग्दर्शकापेक्षा वेगळी हवी, नाटकात तिची भूमिका नको आणि शक्यतो ती आठवीतली हवी, म्हणजे पुढच्या वर्षीही हाताशी राहील. तिच्याकडे एक जाड वही द्या; हाच तुमचा वहीवाला. डाव्या पानावर संहिता चिकटवायची, उजव्या पानावर त्या ओळीला रंगमंचावर काय होतं ते पेन्सिलने लिहायचं. पेन्सिलनेच, कारण ते दर तालमीला बदलतं. अशी नोंद हवी:

प्रवेश 2. ‘दार उघड’ या शब्दावर मंदा डाव्या विंगेतून आत. हातात कंदील. दोन पावलं, थांबते. बाबा खुर्चीतून उठत नाहीत. दिवे कमी.

विंग म्हणजे रंगमंचाच्या कडेची, नट जिथून आत-बाहेर करतात ती जागा. यातलं ‘डाव्या’ म्हणजे कुणाच्या डाव्या, हे पहिल्याच दिवशी ठरवा. रंगभूमीवर ते नटाच्या बाजूने मोजतात, प्रेक्षकांच्या नाही. हे न ठरवलेल्या गटात दोन नट एकाच विंगेत एकमेकांवर आदळलेले मी पाहिलेत, तेही प्रयोगात.

उशिरा कोण आलं, कोणाचं पाठांतर कच्चं आहे, कोणती वस्तू कुणाच्या घरून येणार, सगळं याच वहीत. पुढच्या वर्षी दिग्दर्शक नसला तरी चालेल, पण वही हवीच.

संहिता: आधी माणसं मोजा

मोठ्या मंचावर गाजलेलं नाटक घ्यायचा मोह आवरा. गटात मुलं किती, त्यात बोलायला धीट किती, हे मोजून एकांकिका शोधा. अर्ध्या तासाची पुरे.

परवानगीचा मुद्दा मुलं हमखास विसरतात. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं त्याच्या लेखनावर हक्क असतो. राम गणेश गडकरी 23 जानेवारी 1919 ला आपल्याच सावनेरात गेले, त्यामुळे त्यांचं लेखन केव्हाच मोकळं झालंय. हयात लेखकाचं नाटक शाळेतच, विद्यार्थी, शिक्षक आणि पालकांपुढे करणार असाल तर 1957 चा कॉपीराइट कायदा शाळांना सूट देतो. तरी लेखकाला कळवा, लेखक बहुधा खूश होतात. मात्र तोच प्रयोग बाहेर स्पर्धेत न्यायचा तर लेखकाचं परवानगीपत्र लागतं. सार्वजनिक प्रयोगाच्या संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉर बोर्डाचं, प्रमाणपत्रही लागतं. ही कामं आठवडाभरात होत नाहीत.

माझं मत विचाराल तर स्वतः लिहा. मारबतीच्या मिरवणुकीतले बडगे आठवा. महागाई, भ्रष्टाचार, गावातली घाण, ज्याचा राग येईल त्याचा पुतळा करून लोक मिरवतात आणि जाळतात. वर्गातल्या मुलांना विचारा, तुमचा बडगा कशाचा? एका तासात एकांकिकेचे तीन विषय निघतात. आणि पात्रांना घरची बोली बोलू द्या. ‘मी कशाला जाऊ तिथे?’ म्हणताना अडखळणारा मुलगा ‘मी कायले जाऊ तिथं बे?’ एका दमात म्हणतो, आणि मागच्या रांगेपर्यंत ऐकूही जातं. फक्त ती बोली विनोदी नोकरापुरती ठेवू नका. शाळेच्या नाटकांत हे फार होतं आणि मला ते खटकतं. डॉक्टरही वऱ्हाडी बोलू शकतो.

पात्रनिवड

सगळ्यांसमोर करा, दिग्दर्शकाच्या मित्रांच्या घरी नको. प्रत्येकाकडून दोन वेगळ्या भूमिकांचे उतारे वाचून घ्या. निवड तिघांनी मिळून करा, दिग्दर्शक, वहीवाला आणि कोणी एक तिसरा, म्हणजे मतं बरोबरीत अडकत नाहीत. भूमिका न मिळालेल्याला त्याच दिवशी ठरावीक काम द्या: संगीत, नेपथ्य किंवा रंगभूषा. ‘तू बॅकस्टेजला ये’ एवढंच म्हणालात तर तो पुढच्या शनिवारी येत नाही.

तालीम कधी?

संध्याकाळी अर्ध्या मुलांना ट्यूशन असते, उरलेल्यांना व्हॅनवाले काका थांबत नाहीत. म्हणून शनिवार. सकाळची शाळा सुटली की डबा खाऊन दोन तास. मधल्या दिवसांत फक्त दोघातिघांचे प्रवेश मोठ्या सुटीत घ्या.

पहिल्या दोन-तीन बैठका नुसतं वाचन. मग जागा ठरवणं, तेव्हा हातात कागद चालेल. त्यानंतर तारीख जाहीर करा: या शनिवारपासून कागद बंद. प्रॉम्प्टर हवाच, पण तो नट अडखळल्याबरोबर बोलणारा नको. नटाने मागितल्यावरच ओळ द्यायची, नाहीतर नट ओळ आठवायचं सोडूनच देतो.

आवाजाची तालीम पंखे चालू ठेवून करा. शाळेच्या सभागृहातले पंखे विमानासारखे घरघरतात, आणि बंद खोलीत छान ऐकू येणारी मुलं तिथे ओठ हलवताना दिसतात. एक जण शेवटच्या बाकावर बसवा आणि शब्द तुटला की त्याने हात वर करायचा. ओळीचा शेवटचा शब्द गिळायची सवय यानेच मोडते.

याच काळात एकदा सगळ्यांनी मिळून मोठ्यांचं नाटक बघा. राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी नागपूर केंद्रावरही होते आणि तिकीट नाममात्र असतं. नाटक फसलेलं असेल तर आणखीच बरं, शिकायला जास्त मिळतं.

कपडे, सामान, दिवे

आधी घरातलं शोधा: बाबांचा जुना सदरा, आजीचं लुगडं. कापड लागलंच तर गांधीबाग. पोशाख भाड्याने आणायचाच असेल तर दुकानातच प्रत्येक नग वहीत लिहा, कंबरपट्टा आणि मिशीसकट, कारण अनामत रक्कम तिथेच अडकते.

नेपथ्य कमी ठेवा. एक दार, एक खुर्ची, दोन बाक. ट्यूबलाइटच्या सभागृहात काळोख करायला बटणापाशी एक माणूस उभा लागतो, त्याचंही नाव वहीत. प्रयोग मैदानावर असेल तर डिसेंबरात साडेपाचनंतर अंधारून येतं आणि थंडीने आवाज बसतात. स्वेटर विंगेत ठेवा, कोमट पाणी ठेवा.

बाहेरचं सभागृह घ्यायचा विचार असेल तर हिवाळी अधिवेशनाचे दिवस टाळा. तेव्हा सिव्हिल लाइन्समधल्या वसंतराव देशपांडे सभागृहापर्यंत सामानाचा टेम्पो नेणं हीच एक वेगळी एकांकिका होते.

रंगीत तालीम आणि प्रयोग

रंगीत तालमीत, म्हणजे कपडे-दिव्यांसकट शेवटच्या तालमीत, कुणीही मधे थांबवायचं नाही, दिग्दर्शकानेही नाही. चूक झाली तर नटांनीच ती निस्तरायची, कारण प्रयोगात तेच करायचंय. सूचना शेवटी, वहीतून वाचून. त्या दिवसानंतर दिग्दर्शकाचं काम संपलं. तिसरी घंटा झाली की विंगेत वहीवाल्याचा शब्द शेवटचा.

प्रयोगानंतरचा आठवडा

बहुतेक गट इथे विरतात. आठवडा उलटायच्या आत सगळ्यांना एकदा बसवा. उरलेले पैसे आणि पावत्या सरांसमोर मोजा. सामान एका पेटीत भरा, यादी झाकणाच्या आतून चिकटवा. वही आणि पेटीची किल्ली आठवीतल्या वहीवाल्याकडे द्या, आणि आता ती नववीची जबाबदारी आहे हे सगळ्यांदेखत सांगा. दहावीत जाणाऱ्यांना तालमीला बोलावू नका, त्यांच्या आया तुम्हाला सोडणार नाहीत. पण मार्चमध्ये दहावीची परीक्षा संपते, आणि मग त्याच मुलांकडे निकालापर्यंत वेळच वेळ असतो. त्यांना वाचनालयाच्या कामाला लावा: जून उजाडेपर्यंत प्रत्येकाने पाच एकांकिका वाचायच्या, आणि कोणत्या तुमच्या गटाला झेपतील ते त्याच वहीच्या शेवटच्या पानांवर लिहून द्यायचं.