कुळथाची पिठी: आधी पीठ, मग फोडणी

कुळथाची पिठी चुलीवर पंधरा मिनिटांत होते, म्हणून ती अगदी सोपी आहे असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात या पदार्थाचे खरे काम फोडणीच्या कितीतरी आधी, पीठ करताना झालेले असते. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या घरांनी पिढ्यानपिढ्या जपले ते हे पिठाचे तंत्र. पिठीचा तांबूस रंग, दाटपणा आणि खमंग वास त्यातूनच येतो. म्हणून तयार पीठ आणण्यापूर्वी ते एकदा तरी घरी करून पाहावे, असा माझा आग्रह आहे.

कोकणात भाताची कापणी झाली की जमिनीत उरलेल्या ओलाव्यावर कुळीथ पेरतात. त्याला वेगळे पाणी द्यावे लागत नाही, आणि ज्या हलक्या जमिनीत दुसरे कडधान्य नीट येत नाही तिथेही तो तग धरतो. उन्हाळ्याच्या तोंडाशी पीक हाती आले की मे महिन्याच्या कडक उन्हात वाळवून त्याच्या पिठाची बेगमी होत असे. पुढे पावसाळाभर सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस कोसळणार, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असणार आणि नारळी पौर्णिमेपर्यंत ताज्या मासळीची वाट पाहावी लागणार. अशा दिवसांत डब्यातले पीठ, बरणीतली आमसुले आणि सुकवलेले बांगडे यांच्यावर घर चालत असे. लावणीहून भिजून आलेल्या माणसांच्या ताटात गरम पिठी-भात आणि निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा येई, त्यामागे हे सारे नियोजन होते. आयुर्वेदही कुळथाला उष्ण मानतो आणि मुतखड्यावर त्याचा काढा सांगतो. गिरण्यांत नोकरीला गेलेल्या चाकरमान्यांबरोबर हे पीठ लालबाग-परळच्या खोल्यांत पोहोचले, आणि गणपती आटोपून मुंबईला परतणाऱ्यांच्या पिशवीत ते आजही असते.

पिठासाठी एक किलो कुळीथ घ्यावेत आणि ते मोठ्या ताटात पसरून उजेडात निवडावेत. ही पायरी कधीही गाळू नये, कारण कुळथातले खडे दाण्याच्याच रंगाचे आणि आकाराचे असतात, आणि दळल्यावर त्यांची कचकच काही केल्या जात नाही. नंतर लोखंडी कढईत थोडे थोडे कुळीथ घालून मंद आचेवर सतत हलवत भाजावेत. आच मोठी केली तर वरचे साल करपते आणि आतला भाग कच्चा राहतो, त्यातून पिठीला कडवटपणा येतो. वास सुटला आणि दाणे एक छटा गडद झाले की एक दाणा गार करून चावून पाहावा: तो दाताखाली कुडुम फुटला पाहिजे, चिवट लागला तर आणखी भाजावे.

भाजलेले कुळीथ पूर्ण गार झाल्यावर जात्यावर भरडावेत. जाते नसेल तर मिक्सरमध्ये थांबून थांबून फिरवावेत, म्हणजे दाण्याची डाळ होते आणि साल सुटते. मग सुपात घेऊन पाखडावे. पाखडण्याला हात बसावा लागतो; सूप पुढे किंचित उतरते धरून झटका दिला की हलके साल पुढे जाऊन पडते आणि डाळ मागे राहते. साल थोडे राहिले तर बिघडत नाही, परंतु सगळेच राहिले तर पीठ काळपट आणि भरभरीत होते. ही डाळ बारीक दळावी. गिरणीत देताना ती हरभऱ्याच्या डाळीवर दळून मागावी, गव्हावर नको. पीठ गार करून कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात भरावे.

आता पिठी. चार माणसांसाठी अर्धी वाटी पीठ एक वाटी गार पाण्यात गुठळ्या न राहता कालवून घ्यावे. गरम पाण्यात कालवल्यास गुठळ्या हमखास होतात. कढईत दोन मोठे चमचे तेल तापवून मोहरी तडतडू द्यावी आणि सात-आठ ठेचलेल्या लसूणपाकळ्या लालसर होईपर्यंत परताव्यात. पिठीची निम्मी चव या लसणीत आहे, तेव्हा इथे घाई करू नये. मग हिंग, बारीक चिरलेला एक लहान कांदा, दोन हिरव्या मिरच्या आणि हळद घालावी. कांदा मऊ झाला की तीन वाट्या पाणी ओतून उकळी आणावी आणि कालवलेले पीठ एका हाताने ओतत दुसऱ्या हाताने ढवळत राहावे. पीठ भाजलेले असले तरी ते सात-आठ मिनिटे मंद आचेवर शिजू द्यावे.

तीन-चार आमसुले शेवटच्या चार मिनिटांत घालावीत. आमसुलांना मीठ लावलेले असते, म्हणून पिठीतले मीठ त्यानंतरच चाखून ठरवावे. चिंचेनेही आंबटपणा येतो, परंतु लसणीशी आमसुलाचे जसे जमते तसे चिंचेचे जमत नाही, असे माझे मत आहे. वरून मूठभर ओले खोबरे आणि कोथिंबीर घालावी.

आचेवरून उतरवताना पिठी आमटीपेक्षा जराशीच दाट असावी, कारण गार होताना ती आणखी घट्ट होते. मऊ भात, पोह्याचा पापड किंवा तळलेली सांडगी मिरची, आणि मासळी खाणाऱ्या घरात सुके बांगडे, एवढे सोबत पुरे. उरलेली पिठी सकाळी तांदळाच्या भाकरीबरोबर खायची असेल तर ती तशीच घट्ट ठेवून मंद आचेवर गरम करावी. भाताबरोबर हवी असेल तर त्यात गरम पाणी घालून पुन्हा एक उकळी आणावी.