स्कॅफोल्डमधून ग्रोथ फॅक्टर सोडताय? या चुका टाळा

पीडीजीएफ या ग्रोथ फॅक्टरचं (म्हणजे पेशींना वाढायला सांगणारं प्रोटीन) जेल, रेग्रानेक्स, अमेरिकेत 1997 मध्येच मंजूर झालं, डायबेटिक पायाच्या जखमेसाठी. पण ते रोज लावावं लागतं, कारण जुनाट जखमेतली एन्झाइम्स प्रोटीन कापूनच टाकतात. म्हणून तर आपण स्कॅफोल्डच्या, म्हणजे फॅक्टर धरून ठेवून हळूहळू सोडणाऱ्या सांगाड्याच्या, मागे लागतो, आणि काही बिघडलं की शिव्याही त्यालाच. बिचाऱ्याचा दोष बरेचदा नसतोच.

माझंच बघा. अल्जिनेटचं (समुद्री शेवाळातला पदार्थ) जेल केलं, व्हीईजीएफ (रक्तवाहिन्या वाढवणारा फॅक्टर) टाकला, पीबीएसमध्ये (फॉस्फेटचं खारट बफर) ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी रिलीज इतका भारी की मी थेट चहा पाजला सगळ्यांना, मग ट्यूब नीट बघितली तर जेलच गायब! अल्जिनेटला बांधून ठेवतं कॅल्शियम, पीबीएसमधलं फॉस्फेट तेच ओढून घेतं आणि सोडियम त्याच्या जागी जाऊन बसतं, मग जेल सुटणारच ना. ट्रिस किंवा हेपेस बफर घ्या, थोडं कॅल्शियम क्लोराइड टाका. जखमेतही सोडियम भरपूर असतं बरं का, तिथे जेल किती टिकतं ते वेगळं तपासा.

उलटा प्रकार, रिलीज येतच नाही. नॅनोग्रॅममधलं प्रोटीन साध्या प्लास्टिकलाच चिकटून बसतं. लो-बाइंड ट्यूब घ्या, 0.1 टक्के बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन, प्लास्टिकवरची जागा तेच अडवतं) टाका, आणि नुसता फॅक्टर, स्कॅफोल्डशिवाय, त्याच बफरमध्ये 37 डिग्रीला तितकेच दिवस ठेवा, म्हणजे आपोआप किती नष्ट होतो ते कळतं. हा कंट्रोल लोक का टाळतात देव जाणे.

एलायझावर (अँटिबॉडीने प्रोटीन मोजायची चाचणी) फार विसंबू नका, अर्धमेलं प्रोटीनही त्यात मोजलं जातं. पेशींवर टाकून बघा, त्या वाढतात का.

जिलेटिनच्या स्कॅफोल्डमधून एफजीएफ-2 (आणखी एक ग्रोथ फॅक्टर) पहिल्याच दिवशी धो धो बाहेर येतोय? जिलेटिनची बाटली बघा. तो बेसिक, म्हणजे धन भाराचा, त्याला धरून ठेवायला ऋण भाराचं ॲसिडिक जिलेटिन लागतं, आणि गंमत म्हणजे ॲसिड प्रोसेसचं टाइप ए बेसिक निघतं, अल्कलीवालं टाइप बी ॲसिडिक. मी ॲसिड शब्द वाचून टाइप ए मागवलं होतं. असो.

फॅक्टर भरल्यावर ऑटोक्लेव्ह (गरम वाफेने निर्जंतुक)? उकडलेलं अंडं होईल. आधी स्टरलाइज, मग लोडिंग. आणि छोटे अलिकॉट (एका वेळेपुरते वाटे) करून फ्रीझरमध्ये ठेवा, पुण्यात गुरुवारी लाइट जाते हे काय नवीन सांगायचं, वितळलं-गोठलं की प्रोटीन संपलं.

उंदरावर जाणार असाल तर लक्षात घ्या, त्याची जखम मुख्यतः कातडी आकसून बंद होते, आपल्यासारखी भरून नाही. भोवती सिलिकॉनची रिंग टाके घालून बसवा, नाहीतर आकसलेली कातडी बघून स्कॅफोल्डच्या नावाने पेढे वाटाल.