गावाचा इतिहास लिहायचाय? खसऱ्यापासून सुरुवात करा

इंदूरच्या आसपासच्या कुठल्याही खेड्याचा इतिहास विचारा, गाडी थेट अहिल्याबाईंवर जाते. त्या मला वंद्यच आहेत. पण सांवेरकडच्या आमच्या गावात कोणी काय पेरलं, दुष्काळात कोण गाव सोडून गेलं, हे त्यातून कळत नाही.

आधी पटवाऱ्याकडून गावाचा नकाशा आणि चालू खसरा, म्हणजे कोणतं शेत कोणाचं आणि त्यात काय पिकतं याची नोंदवही, मिळवा. मग जिल्ह्याच्या रेकॉर्ड रूममध्ये अर्ज करून जुन्या बंदोबस्ताच्या (जमीन मोजून सारा ठरवल्याच्या नोंदींच्या) नकला काढा. एकच सर्वे नंबर धरा आणि त्याच्या वेगवेगळ्या सालांच्या नोंदी शेजारी-शेजारी मांडा. आमच्या खालाकाठच्या (ओढ्याकाठच्या) शेतापुढे आधी ज्वारी-तूर, मग कापूस, १९७० नंतर कधीतरी सोयाबीन. आणि सिंचनाच्या रकान्यात ‘कुआं’च्या जागी ‘नलकूप’ (बोअर). गाव कसं पालटलं ते त्या चार ओळींत दिसतं. चरनोईचे, म्हणजे गावच्या गुरचरणीचे, नंबर मुद्दाम तपासा. ती जमीन कमी होत कोणाच्या नावावर गेली, हे गावात कोणी आपणहून बोलत नाही.

होळकरी अमलातला मोडी कागद निघाला तर वाचता येत नाही म्हणून बाजूला टाकू नका. मोडी जाणणारे शोधा. इंदूरच्या मराठी घरांनी तरी हे काम अंगावर घ्यायलाच हवं.

म्हाताऱ्यांना “कोणत्या साली?” असं विचारलं की ते गप्प होतात. त्यापेक्षा विचारा: छप्पन्या कालात (दुष्काळात) घरातलं कोण वाचलं, आजोबा काय सांगायचे? होळकरांचं राज्य मध्य भारतात विलीन झालं (१९४८) तेव्हा तुम्ही केवढे होता? सोयाबीन आलं तेव्हा दावणीला बैल किती होते? छप्पन्या म्हणजे विक्रम संवत १९५६, इसवी सन १८९९-१९००. एरवी संवतातून ५७ वजा करा. जानेवारीपासून संवत संपेपर्यंतच्या तिथीला ५६.

बायकांशी वेगळं बसून बोला. कोणती विहीर कधी आटली, कोणत्या विहिरीवर कोणाला पाणी भरू देत नसत, हे त्यांना नेमकं आठवतं.

आणि हाली, म्हणजे सालाने बांधलेले शेतगडी. दुसऱ्याच्या शेतात वर्षानुवर्षं चडस (मोट) हाकणाऱ्यांचं नाव मालकाच्या रकान्यात सापडत नाही. प्रत्येक मोठ्या शेताबद्दल “इथं राबत कोण होतं?” हे विचाराच, आणि उत्तर मालकाच्या नावाशेजारी, तितक्याच ठळक अक्षरात लिहा.